मधली मात्रा

मालतीने थर्माकोलची पेटी टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि धाकट्या बहिणीला म्हणाली, "यातला एक मासा हातात धर."

डॉ. सुमेधा गवाणकरने रबरी मोजे चढवायला घेतले.

"मोजे नकोत. उघड्या हाताने धर."

कोंढारपूर महानगराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातली ती प्रयोगशाळा होती. खिडकीबाहेर गाळ दाबणारी यंत्रं संथपणे चालली होती. सुमेधाने पेटीतला कटला उचलला. वजनदार, ताजा, सकाळीच मेलेला मासा. दोघी बहिणी शेवंती नदीच्या काठी वाढलेल्या. ताजा मासा मुठीतून कसा सुळकन सटकतो, हे तिच्या हातांना पाठ होतं. हा सटकला नाही. तळहातावर नुसता पडून राहिला. तिने अंगठा फिरवला तर खवले वाळूच्या कागदासारखे खरखरीत लागले.

"याचा बुळबुळीतपणा कुठे गेला, ताई?"

"तेच विचारायला आलेय. हिवऱ्याच्या जलाशयात मासे पाळायचे आमचे जेवढे पिंजरे आहेत, सगळ्यांत हेच. मासे वर येऊन तोंड वासतात. पाण्यात असून गुदमरतात गं." मालतीने बोटाने माशाचा कल्ला उचलला. "हे बघ."

कल्ल्यावर जो चिकट पातळ थर असायला हवा होता, तो फाटलेल्या दुधासारखा झाला होता. करड्या कणांच्या गुठळ्या, आणि त्यांच्या मधून निथळलेलं स्वच्छ पाणी.

असे कण आणि असं निथळलेलं पाणी सुमेधा रोज बघत होती. तिच्या मागच्या मांडणीवर काचेच्या चंचुपात्रांत तेच होतं. फरक एवढाच की तिथे ते मैलापाण्याच्या गाळात घडत होतं, आणि ते घडवून आणणाऱ्या जलमोचक या रसायनासाठी तिला दोन पुरस्कार मिळाले होते.

"मासे ठेवून जा," ती म्हणाली. "आणि ताई, तुम्ही सगळे सध्या प्यायला पाणी कुठलं घेता?"

"जलाशयाचंच. दुसरं कुठलं असणार?"

* * *

केंद्राचे प्रमुख अभियंता दिगंबर लोखंडे यांनी मासा बघितला, नाक मुरडलं नाही, पण ते खुर्चीत मागे रेलले.

"मॅडम, तुमचा जलमोचक नदीत जातो हे मला मान्य आहे. थोडा जातोच. शेवंतीतून खाली हिवऱ्याकडे सोडतो त्या पाण्याला आपण चाळणी लावलेली नाही. पण त्याने अपाय होतो असं म्हणायचं असेल तर एवढं सांगा, शहरात काय झालं?"

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. धरणं आटू लागल्यापासून कोंढारपूर स्वतःचंच सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पीत होतं. गाळातून पिळून काढलेलं पाणीसुद्धा त्यात मिसळत होतं. जलमोचक वापरात आल्यापासूनच्या दीड वर्षात शहरात तक्रारीचं एक पत्रही आलं नव्हतं.

"शहराच्या पाण्याला सूक्ष्म पटलाची चाळणी आहे," सुमेधा म्हणाली. "जलमोचक तिच्यातून जात नाही."

"झालं तर मग. शहरात येत नाही म्हणून शहराला काही नाही. नदीत जातो, पण किती? समुद्रात मीठ टाकावं एवढा. मासे दुसऱ्या कशाने मेले असतील. हे केंद्र बंद केलं तर आठवड्याभरात रस्त्यावर गाळाचे डोंगर उभे राहतील. जुने दिवस विसरलात?"

ती विसरली नव्हती. चुना आणि फेरिक क्लोराइड घालून, मग महागडं पॉलिमर घालून गाळ दाबायचे, तरी त्याचा तीन चतुर्थांश भाग पाणीच राहायचा. तो ओला काळा लगदा ट्रकांमधून ठिबकत जायचा. जलमोचकाने तो कोरड्या मातीसारखा भुसभुशीत केला होता. लोखंडे चुकीचं बोलत नव्हते. तिला त्यांचं म्हणणं पटवून घ्यायचं होतं, आणि तिने ते पटवून घेतलं.

पण घरी गेल्यावर तिने मुलीची बॅग भरली. रेवती बारावीची परीक्षा देऊन घरी बसली होती.

"मामाकडे जाऊन राहा काही दिवस. नाशिकची हवा चांगली आहे."

"अचानक? आई, काय झालंय?"

"काही नाही. मला इथे खूप काम आहे." लोखंड्यांसमोर गप्प बसलेली भीती मुलीला गाडीत बसवून देताना पुन्हा वर आली. निदान रेवती या नदीपासून लांब असेल, एवढंच तिच्या मनात होतं.

* * *

त्यानंतर हिवऱ्यात माणसं आजारी पडू लागली. सुमेधा पोहोचली तेव्हा ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यातही खाटा लावल्या होत्या. तिथलं दृश्य विचित्र होतं. प्रत्येकाच्या उशाशी पाण्याचा तांब्या होता, माणसं घटाघटा पाणी पीत होती, पाणी ओठांच्या कडेने ओघळत होतं आणि जीभ तरीही वाळलेल्या चामड्यासारखी होती. कुणी ओरडत नव्हतं. ओरडण्यासाठी घसा ओला लागतो.

डॉ. फिरोज मुलाणी तिला आत घेऊन गेले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कित्येक रात्री न झोपलेले.

"मी शरीराचं सांगतो, तुम्ही रसायनाचं सांगा," ते म्हणाले. "माणसाच्या आत जिथे जिथे हवा किंवा अन्न येतं, तिथे एक ओलसर अस्तर असतं. तोंड, डोळे, श्वासनलिका, आतडी. त्याला आपण श्लेष्मा म्हणतो. लोक शेंबूड म्हणून हसतात, पण तो नसेल तर माणूस जगत नाही. माझ्या पेशंटांचा श्लेष्मा फाटतोय. पाणी वेगळं, गुठळ्या वेगळ्या. पाणी वाहून जातं आणि गुठळ्या फुप्फुसात अडकतात. हे कशाने होतं?"

सुमेधाने टेबलावरचा कागद उलटा केला आणि पेन्सिलीने केसांसारखे उभे धागे काढले.

"सांडपाण्यातला गाळ जिवाणूंचा असतो. ते स्वतःभोवती चिकट धाग्यांची जाळी विणतात. या धाग्यांवर ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून धागे फुलून उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये पाणी अडकतं. त्याला आम्ही बद्धजल म्हणतो. कितीही दाबा, हे पाणी सुटत नाही."

"आणि तुमचं औषध?"

"जलमोचकावर धन भार असतो. तो या धाग्यांवर जाऊन बसतो. ऋण आणि धन एकमेकांना रद्द करतात. ढकलणं संपलं की धागे आपसांत चिकटतात, आकसतात आणि पाणी बाहेर पडतं. हे जुनी रसायनंही करत होती. पण ती गाळाला कायमची चिकटायची आणि गाळाबरोबर फेकली जायची. माझा जलमोचक सैल बसतो. दाब दिला की सुटतो, पाण्याबरोबर बाहेर येतो आणि पुन्हा वापरता येतो. तो कुजत नाही, संपत नाही. त्याचंच सगळ्यांना कौतुक होतं."

मुलाणींनी कागदावरच्या धाग्यांकडे बोट केलं. "श्लेष्मा अगदी असाच असतो. चिकट धागे, ऋण भार, मध्ये पाणी."

"हो."

"म्हणजे तुमच्या औषधाच्या दृष्टीने गाळ आणि माझे पेशंट यांत फरक नाही."

सुमेधाने सोबत आणलेल्या नळ्या काढल्या. एका म्हाताऱ्या पेशंटच्या गालातून कापसाच्या बोळ्याने मोठ्या कष्टाने थोडी लाळ मिळाली. तपासणीचा रंग घातल्यावर नळी निळी झाली. जलमोचक होता. शंकेला जागा राहिली नाही.

बाहेर कुणीतरी धावत आलं. मालतीच्या नवऱ्याला, विठ्ठलरावांना, श्वास घेता येत नव्हता. मुलाणींनी घशात नळी घातली, गुठळ्या ओढून काढल्या, पुन्हा काढल्या. विठ्ठलराव डोळे उघडे ठेवून बघत होते. पापण्या बुबुळांना चिकटत असल्यामुळे त्यांना मिटताही येत नव्हत्या. दुपार कलायच्या आत ते गेले.

मालती रडली, पण तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. आपल्यालाही तेच झालंय हे तिला तेव्हा कळलं.

तिने बहिणीचा हात धरला. तिचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. "सुमे, तुझ्याकडे याचं उत्तर आहे ना?"

"आहे. ते बनवणं मी बंद करते."

* * *

या वेळी लोखंड्यांनी वाद घातला नाही. त्यांनी सुमेधाने काढलेले फोटो एकेक करून बघितले, मोबाइल उलटा ठेवला आणि स्वतः नियंत्रणकक्षात जाऊन जलमोचकाची टाकी बंद केली. शहराला लांबच्या धरणातून तात्पुरतं पाणी आणलं. गाळ साठू लागला, माश्या आल्या, लोकांनी शिव्या दिल्या. पण नदी हळूहळू स्वच्छ होऊ लागली. हिवऱ्यातले नवे रुग्ण थांबले. काही आठवड्यांनी मालतीचा फोन आला आणि तिच्या आवाजातली खरखर कमी झाली होती.

"सकाळी शिंक आली," ती म्हणाली. "नाक वाहिलं. मी वेड्यासारखी हसले."

सुमेधा फोन ठेवून खूप वेळ रडली. तिला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी रेवतीचा फोन आला.

"आई, पाणी प्यायले तरी तोंड ओलं होत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतंय. मामा म्हणतो सर्दी आहे. पण नाक अगदी कोरडं आहे."

"कधीपासून?" तिने विचारलं. आपला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी आहे असं तिला वाटलं.

"आठवडा झाला असेल. आता जास्त झालंय. घास गिळताना घशात अडकतो."

नाशिकला शेवंतीचं पाणी जात नाही. गेल्या दीड वर्षात रेवती हिवऱ्याला मावशीकडे एकदाही गेली नव्हती. ती कोंढारपूरचं चाळणीतून आलेलं पाणी पीत होती, आणि आता तेही पीत नव्हती.

सुमेधा स्वयंपाकघरात गेली. माळ्यावर पाणीटंचाईच्या दिवसांत भरून ठेवलेले जुने कॅन होते, केंद्र चालू असतानाच्या नळाच्या पाण्याचे. तिने त्यातलं पाणी प्रयोगशाळेत नेलं आणि रंगाचे थेंब टाकले. हिवऱ्याच्या लाळेने नळी निळी झाली होती. हे पाणी जवळजवळ काळं झालं.

चाळणीने काहीच अडवलं नव्हतं. दाट द्रावणात जलमोचकाचे रेणू घोसाने राहतात, ते घोस पटलातून जात नाहीत, आणि चाळणीला प्रमाणपत्र दाट द्रावणाच्याच चाचणीवर मिळालं होतं. विरळ पाण्यात घोस सुटतात आणि सुटे रेणू आरपार जातात. हे कुणी मोजलं नव्हतं. तिनेही नाही. दीड वर्ष सगळं शहर नदीकाठच्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त जलमोचक पीत आलं होतं.

मग शहर निरोगी कसं राहिलं?

उत्तर तिच्या मांडणीवरच होतं. कोणत्याही रसायनाची योग्य मात्रा ठरवण्यासाठी जार टेस्ट करतात. एका रांगेत सारख्या गाळाची पात्रं ठेवायची आणि प्रत्येकात थोडी जास्त मात्रा घालत जायची. पहिल्या पात्रांत काही होत नाही. मधल्या पात्रांत गाळ फाटतो, तळाशी बसतो. आणि शेवटच्या पात्रांत, जिथे मात्रा फार जास्त असते, गाळ पुन्हा पूर्वीसारखा फुलतो, पाणी पुन्हा बांधलं जातं. ती दरवर्षी नव्या प्रशिक्षणार्थींना हे दाखवत असे. 'जास्त म्हणजे चांगलं नव्हे' असं सांगून ती शेवटची पात्रं बेसिनमध्ये ओतून टाकायची.

तिने स्वतःच्या गालातून लाळ घेतली. तार धरणारी, निरोगी लाळ होती. तिच्यात तिने साधं पाणी थोडं थोडं घालून मात्रा उतरवत नेली. बराच वेळ काही झालं नाही. मग एका थेंबाबरोबर लाळ फाटली. करडे कण तळाला गेले.

तिने मुलाणींना फोन लावला.

"डॉक्टर, धाग्यांवरच्या निम्म्या जागा भरल्या की भार रद्द होतात आणि धागे आकसतात. पण सगळ्याच जागा भरल्या तर सगळे धागे धन होतात. पुन्हा सारखा भार. पुन्हा एकमेकांना ढकलतात, फुलतात, पाणी धरतात. धोका जास्त मात्रेत नाही, मधल्या मात्रेत आहे. हिवऱ्याचे लोक खालून वर चढत त्या मधल्या मात्रेत आले. आम्ही शहरातले लोक पहिल्याच दिवसात ती ओलांडून वर गेलो होतो."

मुलाणी म्हणाले, "आणि आता तुम्ही केंद्र बंद केलंय."

"हो."

"म्हणजे शहर वरून खाली उतरतंय."

"रेवती आधी गेली म्हणून आधी उतरली. बाकीचे तिच्या मागोमाग येतील. सगळे. लहान मुलंसुद्धा."

"पार खाली उतरून जाऊ द्या. हिवऱ्याचे लोक बरे झालेच की."

"हिवऱ्याचे लोक मधल्या मात्रेत जेमतेम शिरले होते, दोन पावलं मागे आले. आम्हाला ती अख्खी ओलांडायची आहे. शरीर जलमोचक फार सावकाश बाहेर टाकतं. महिने लागतील. फाटलेल्या श्लेष्म्यावर माणूस किती दिवस काढतो, डॉक्टर?"

दोघांनी विठ्ठलरावांना बघितलं होतं.

"वर चढायला किती वेळ लागतो?" मुलाणींनी विचारलं.

"एक मोठा घोट. तासाभराचं काम."

"मग तुम्हाला काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. फक्त माझ्या नदीत एक थेंब येऊ देऊ नका."

* * *

लोखंड्यांनी तिचं सगळं म्हणणं उभ्यानेच ऐकलं. मध्ये मध्ये ते डोळे चोळत होते.

"त्या दिवशी तुम्ही बंद करा म्हणत होतात," ते म्हणाले. "आज सुरू करा म्हणता. आणि उद्या बंद करायचं म्हटलं तर?"

"बंद करता येणार नाही, साहेब. नदीकडचा दरवाजा कायमचा बुजवायचा. पाणी शहरातच फिरवायचं."

"कायमचं?"

"मला दुसरा मार्ग सापडेपर्यंत. आज माझ्याजवळ मार्ग नाही."

लोखंड्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, घोट घेतला आणि गिळायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. दोघांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"शहराबाहेर गेलेल्यांचं काय? बदली झालेले, लग्न होऊन गेलेल्या मुली, शिकायला गेलेली पोरं? दीड वर्षात किती जण गेले असतील?"

"माहीत नाही. त्यांना सर्दी म्हणून, दमा म्हणून औषधं दिली गेली असतील. सगळीकडे एकेकटे." ती दाराकडे वळली. "तुम्ही जाहीर करा. मी नाशिकला जाते."

तिने दाट द्रावणाची एक मोठी बाटली भरली. निघण्यापूर्वी मालतीला फोन केला.

"ताई, तू कोंढारपूरला येऊ नकोस. माझ्या घरचं पाणी पिऊ नकोस, चहासुद्धा नाही."

"आणि तू येशील ना इकडे? त्यांचं वर्षश्राद्ध आहे पुढे."

"एखाद दिवस येईन. माझं पाणी माझ्याबरोबर घेऊन येईन."

* * *

नाशिकच्या घरी पोहोचली तेव्हा रेवती कॉटवर बसून श्वास ओढत होती. आडवं झालं की गुदमरायला होत होतं. ओठ चिरलेले, डोळे लाल. जवळ मामी, सुनंदा, तिची पाठ चोळत होती. सुमेधाचा भाऊ डॉक्टरांना आणायला गेला होता.

"डॉक्टरांची गरज नाही," सुमेधा म्हणाली. तिने पेला भरला. द्रावण जरासं दाट होतं, बाकी पाण्यासारखंच. "रेवू, हे सगळं संपव. घशात अडकलं तरी थांबू नकोस."

रेवतीने आईकडे बघितलं आणि प्यायला सुरुवात केली. मध्ये ठसका लागला. एक क्षण तिचा श्वास पूर्ण थांबला, चेहरा काळवंडला. सुनंदा किंचाळली. सुमेधाने मुलीला पुढे वाकवून पाठीवर थापा मारल्या आणि दुसरा पेला तिच्या ओठांना लावला. तिला माहीत होतं, मधल्या मात्रेतूनच वर जायचं आहे. अर्ध्यावर थांबलं तर संपलं.

रेवती प्यायली. मग बराच वेळ नुसती घरघर ऐकू येत होती. हळूहळू घरघर मोठी आणि ओली झाली. रेवती खोकली, दाट बेडका बाहेर पडला, आणि तिच्या नाकातून पाणी वाहू लागलं. तिने डोळे मिटले. पापण्यांखालून अश्रू आले.

"आई," ती म्हणाली. आवाज जवळजवळ पूर्वीसारखा होता.

"वहिनी, या बाटलीला कुणी हात लावू नका," सुमेधा सुनंदाला म्हणाली. "उरलेलं रेवतीला कोंढारपूरला परत नेताना वाटेत लागेल."

"कसलं औषध आहे गं हे? जादूच म्हणायची."

"नंतर सांगते." घरातल्या लोकांना घाबरवण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं. मुलीचा हात हातात धरून ती तिथेच खुर्चीत टेकली. कित्येक दिवसांनी तिला झोप लागली.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. रेवती शांत झोपली होती. बाटली आडवी पडली होती आणि टेबलावरून पाणी जमिनीवर निथळत होतं. सुनंदा फडक्याने ते टिपत होती. सुमेधाला उठलेली बघून ती दचकली.

"धक्का लागला माझा," ती म्हणाली. "मी... रागावू नकोस. गार्गीचा खोकला पंधरा दिवस जात नाहीये. रेवती अशी झटकन बरी झालेली बघितली. म्हटलं, तुझ्याकडे एवढी बाटलीभर आहे. लेकराला एक चमचा दिला तर काय बिघडलं? जास्त नाही दिलं, सुमेधा. चमचाच. उचलायला गेले आणि बाटली कलंडली."

सुनंदाची मुलगी गार्गी चार वर्षांची होती. ती दारात उभी राहून जीभ बाहेर काढून पुन्हा आत घेत होती, तोंडात काहीतरी चिकटलं असल्यासारखी.

सुमेधाने बाटली उचलली. तळाशी काही नव्हतं. तिने जमिनीकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं, आणि बादलीत पिळलेल्या फेसाळ पाण्याकडे बघितलं. फिनेल घातलेलं होतं.

एक चमचा. चार वर्षांच्या शरीरात एक चमचा. तिने डोक्यात हिशेब केला, मग पुन्हा केला. दोन्ही वेळा तो मधल्या मात्रेवरच येऊन थांबला.

"आई, तहान लागली," गार्गी म्हणाली.

सुनंदाने पाण्याचा पेला भरला. गार्गी प्यायली, तोंड पुसलं आणि पुन्हा म्हणाली, "तहान लागली."

सुनंदाचा हात थांबला. तिने रेवतीकडे बघितलं, मग सुमेधाकडे. "असंच... रेवतीचंही असंच सुरू झालं होतं."

"गाडी काढायची आहे," सुमेधा म्हणाली. गार्गीला तिने उचलून कडेवर घेतलं होतं. "कोंढारपूरला पोहोचेपर्यंत तिला टिकवायचं. तिथे पोहोचली की ती बरी होईल, हे मी तुम्हाला नक्की सांगते."

"मी दोन जोड कपडे घेते. किती दिवस लागतील?"

गार्गीने सुमेधाच्या खांद्यावर तोंड घासलं. ओठ कोरडे होते.

"सगळे कपडे घ्या, वहिनी," सुमेधा म्हणाली. "दादाला फोन करून कामावरून घरी बोलवा. तोही येऊ दे आपल्याबरोबर. तिला तिथून कधीच परत आणता येणार नाही."